तिवर, चिप्पी, कांदळ: वसईच्या खाडीतली ही झाडं एकमेकांची कोण लागतात?

वसई तालुक्याच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे आणि दक्षिणेला खाडी. डोंगरावर कारवी वाढते. सात-आठ वर्षांतून एकदाच ती फुलते, बी धरते आणि वाळून जाते. खाडीच्या चिखलात तिवर वाढतं. नायगाव सोडून लोकल खाडीपुलाकडे निघाली की दोन्ही बाजूंना जी हिरवी गर्दी दिसते, ती बहुतांशी तिवराचीच.

कारवी आणि तिवर यांचं कूळ एकच आहे. गजऱ्यातली अबोली, खोकल्यावरचा अडुळसा आणि कुंपणावरची कोरांटीही त्याच कुळातली. पण भरतीच्या त्याच पाण्यात, तिवराच्या शेजारी कांदळाचं झाड उभं असेल, तर त्याचं तिवराशी जवळचं असं काही नातं नाही.

आपण ज्याला सरसकट कांदळवन किंवा खारफुटी म्हणतो, त्यात ही सगळी झाडं येतात. कायदा त्यांना एकाच शब्दानं ओळखतो, उपग्रहाच्या नकाशावरही त्यांचा रंग एकच असतो. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात मात्र ती वेगवेगळ्या कुळांत विखुरलेली आहेत आणि गेल्या काही दशकांत त्यांतल्या काहींची कुळं बदललीही आहेत. हे कसं घडलं आणि वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांना त्याच्याशी काय देणंघेणं?

कांदळवन हे पत्त्याचं नाव आहे

सकाळच्या विरार लोकलच्या एका डब्यात तीनशे माणसं एकमेकांना चिकटून उभी असतात, म्हणून ती एका गावची ठरत नाहीत. कांदळवनाचं तसंच आहे. भरतीचं खारं पाणी दिवसातून दोनदा जिथे येतं, तिथल्या चिखलात जगू शकणाऱ्या झाडाझुडपांना मिळून हे नाव पडलं. झाड कुठे राहतं हे त्यावरून कळतं, ते कोणाचं कोण हे कळत नाही.

जगात अशा झाडांच्या सुमारे 70 जाती मानल्या जातात. बहुतेक सगळ्या उष्ण कटिबंधातल्या आणि जवळपास सगळ्या सपुष्प, म्हणजे फुलं येणाऱ्या.

इथे शब्दांचा एक घोळ आधी सोडवायला हवा. बातम्यांमध्ये ‘स्पीशीज’साठी सर्रास ‘प्रजाती’ लिहितात. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत स्पीशीज म्हणजे जाती, जीनस म्हणजे प्रजाती आणि त्यावरची पायरी म्हणजे कुल किंवा कूळ. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा असतो, दुसरा जातीचा. अ‍ॅव्हिसेनिया मरिना या नावात अ‍ॅव्हिसेनिया ही प्रजाती, आणि मरिना जोडल्यावर जाती ठरते. कूळ नावात दिसत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. खाडीतल्या झाडांची सगळी गंमत या न दिसणाऱ्या पायरीवर आहे.

तिवराची तीन घरं

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त आढळणारं कांदळवनाचं झाड म्हणजे तिवर, शास्त्रीय नाव अ‍ॅव्हिसेनिया मरिना. अ‍ॅव्हिसेनिया हे प्रजातीचं नाव लिनियसनं 1753 मध्ये दिलं, इब्न सिना या मध्ययुगीन हकीम-तत्त्वज्ञाच्या नावावरून. युरोप त्यांना अ‍ॅव्हिसेना म्हणून ओळखत असे. मरिना हा शब्द लिनियसचा शिष्य पीटर फोर्सकोल याच्याकडून आला. डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो होता. 1763 मध्ये येमेनमध्ये तो आजारी पडून वारला आणि त्याच्या नोंदी 1775 मध्ये छापल्या गेल्या. त्यानं या झाडाला वेगळ्याच प्रजातीत ठेवलं होतं. आजचं जोडनाव 1907 चं आहे.

नाव ठरलं, पण कुळाचा प्रश्न सुटला नाही. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातल्या वनस्पती अभ्यासकांचं आजही त्याच्यावाचून चालत नाही. त्यात तिवर व्हर्बिनेसी कुळात आहे. त्या कुळात तेव्हा साग होता, निर्गुडी होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबानं तुंगारेश्वरच्या डोंगरावरचा साग हा खाडीतल्या तिवराचा भाऊबंद होता.

हे अनेकांना पटत नव्हतं. तिवराची जमिनीतून वर येणारी मुळं, खोडाच्या लाकडाची विचित्र रचना, झाडावरच रुजू लागणारं बी, यांतलं काहीच सागाशी जुळत नव्हतं. म्हणून बऱ्याच शास्त्रज्ञांनी तिवराला स्वतःचं स्वतंत्र कूळ देऊन टाकलं: अ‍ॅव्हिसेनिएसी. कोणाशीच जुळत नाही त्याला वेगळी खोली द्यायची, हा वर्गीकरणातला जुना तोडगा. तो सोयीचा असतो, पण नात्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही.

ते उत्तर डीएनएनं दिलं. आंद्रेआ श्वार्ट्झबाख आणि ल्युसिंडा मॅक्डेड या दोन शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हरितलवकातले आणि पेशीकेंद्रातले डीएनए तपासले. तिवराची जागा अ‍ॅकॅन्थेसी कुळाच्या आत निघाली. अबोलीचं, कारवीचं कूळ ते हेच. त्यातही तिवराचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणून पुढे आल्या थनबर्जिया गटातल्या वेली. बागेच्या कमानीवर निळ्या-जांभळ्या घंटेसारख्या फुलांची जी वेल चढवतात, ती या गटातली.

मग इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण अ‍ॅकॅन्थेसी कुळाची ओळख फळावरून पटवली जायची. अबोलीची वाळलेली बोंडं पावसाचा थेंब पडताच तडकतात आणि बिया लांब उडतात. बोंडाच्या आत बियांना आधार देणारे आकड्यासारखे छोटे दांडे असतात, तेच बी भिरकावतात. ही या कुळाची खूण मानली जाई. तिवराच्या फळात आकडा नाही आणि फळ तडकून बी उडतही नाही. पण थनबर्जियातही तो आकडा नसतो. म्हणजे ज्या खुणेवरून घरात घ्यायचं, ती खूण कुळाच्या एका फांदीकडेच होती. बाकीचे त्याच घरचे असून दाराबाहेर थांबले.

आणखी एक गोष्ट. खाडीकाठी तिवराच्या पायाशी काटेरी पानांचं, निळसर-जांभळ्या फुलांचं एक झुडूप दाटीनं वाढतं. कोकणात त्याला मारांडी म्हणतात, शास्त्रीय नाव अ‍ॅकॅन्थस इलिसिफोलियस. हेही त्याच कुळातलं. किंबहुना कुळाला नावच अ‍ॅकॅन्थसवरून मिळालं. पण दोघांचं कूळ एक असलं तरी त्यांच्या शाखा वेगळ्या आहेत. खाऱ्या चिखलात दोघंही आपापल्या वाटेनं उतरले आणि शेजारी येऊन राहिले.

चिप्पी, तामण आणि उपासाचा शिंगाडा

महाराष्ट्र सरकारनं 2020 मध्ये पांढरी चिप्पी या झाडाला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केलं. देशात असा मान एखाद्या झाडाला देणारं हे पहिलं राज्य. चिप्पीचं शास्त्रीय नाव सोनेरेशिया अल्बा. तिची बहीण सोनेरेशिया अपेटाला मुंबईच्या आसपासच्या खाड्यांत बरीच दिसते. अपेटाला म्हणजे पाकळ्या नसलेली.

चिप्पीलाही पूर्वी स्वतःचं कूळ होतं, सोनेरेशिएसी. आता ती लिथ्रेसी कुळात गेली आहे. हे कूळ मराठी माणसाला चांगलं परिचयाचं आहे, फक्त नावानं ओळख नाही. मेंदी यातली, डाळिंबही यातलं. चिप्पीचं फळ हातात घेतलं तर डाळिंबाची आठवण होतेच, कारण फुलाच्या बाहेरचा जाड, टोकदार पाकळ्यांचा मुकुट दोन्ही फळांवर तसाच राहतो. आणि राज्याचं फूल असलेलं तामण हेही याच कुळातलं. राज्य पुष्प आणि राज्य कांदळवन वृक्ष एकाच कुळातून निवडले गेले. हे ठरवून झालं असेल असं वाटत नाही, पण योग मजेशीर आहे.

डीएनए अभ्यासात चिप्पीच्या सर्वांत जवळ आढळला तो शिंगाडा. तळ्याच्या गोड्या पाण्यावर तरंगणारी एक वनस्पती आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उभं राहणारं एक झाड, हे जवळचे भाऊबंद निघाले. नुसतं पाहून हे नातं कोणी जोडलं नसतं.

चिप्पीची फुलं संध्याकाळी उमलतात. पुंकेसरांचा पांढरा झुबका रात्रभर टिकतो आणि सकाळपर्यंत गळून पडतो. वटवाघळं आणि पतंग रात्री मधासाठी येतात आणि परागीभवनाचं काम करून जातात.

कांदळ हा शब्द लॅटिनमध्ये कसा गेला?

कांदळवनाला ज्याच्यावरून नाव मिळालं ते कांदळ म्हणजे रायझोफोरा. खोडातून आणि फांद्यांतून कमानीसारखी निघून चिखलात रुतलेली मुळं ही त्याची ओळख. रायझोफोरा या ग्रीक शब्दांचा अर्थही ‘मुळं धारण करणारा’ असाच.

रायझोफोरेसी हे कूळ मात्र फारसं हललं नाही. कांदळवनातली खरी जुनी घराणी शोधायची तर इथे थांबावं लागतं. रायझोफोरा, ब्रुगिएरा, सेरिऑप्स आणि कँडेलिया या चारही प्रजाती खाडीतल्या, एकमेकींच्या सख्ख्या, आणि बी झाडावरच रुजवून लांब शेंगेसारखं रोप खाली सोडणाऱ्या. त्यांचे काही भाऊबंद डोंगरातल्या जंगलातही आहेत. कुळाबाहेर सर्वांत जवळचं नातं निघालं ते दक्षिण अमेरिकेतल्या कोका वनस्पतीच्या कुळाशी.

यांतल्या कँडेलियाचं पूर्ण नाव आहे कँडेलिया कँडेल. हे लॅटिन वाटत असलं तरी आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड यानं 17 व्या शतकात मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा ग्रंथ तयार करून घेतला. 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी पंडितही होते. त्यांनी दिलेली ग्वाही ग्रंथात नागरी लिपीत छापली आहे. खाडीतल्या झाडांची नावं ग्रंथात ‘कंडेल’ या शब्दानं येतात. लिनियसनं तीच उचलली. मराठीतला कांदळ आणि मलबारचा कंडेल यांचा उच्चार शेजारी ठेवून पाहिला की वेगळं सांगावं लागत नाही.

उरलेल्यांचं गणगोत थोडक्यात असं. गेवा एरंडाच्या कुळातला, युफोर्बिएसी. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. काजळा हे झुडूप वावडिंगाच्या कुळातलं. हे अख्खं जुनं कूळच आता प्रिम्युलेसीमध्ये विलीन झालं आहे. ल्युम्निट्झेरा हिरडा आणि अर्जुनाच्या कुळातली. झायलोकार्पस कडुनिंबाच्या.

इतकी परकी झाडं एकसारखी का वागतात?

खाडीचा चिखल सगळ्यांना तेच दोन त्रास देतो. पाण्यात मीठ असतं आणि चिखलात हवा नसते. वेगवेगळ्या कुळांतली झाडं लाखो वर्षांत या त्रासांवर उपाय शोधत गेली आणि त्यांतले काही उपाय एकमेकांसारखे निघाले. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

पण जवळून पाहिलं तर उपायांमध्येही फरक दिसतो. तिवर मीठ आत घेतं आणि पानांतल्या ग्रंथींमधून बाहेर टाकतं; कोरड्या दिवसात पानावर मिठाचे कण हाताला लागतात. कांदळ बहुतांश मीठ मुळाशीच अडवतो. हवेसाठी तिवर चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक मुळं वर काढतं. चिप्पीची श्वसनमुळं जाड आणि निमुळत्या खुंट्यांसारखी. कांदळ कमानी टाकतो. गेव्याला यांतलं काहीच नाही, त्याची मुळं चिखलावरून आडवी पसरतात. खाडीत पाय ठेवण्याआधी काठावरूनच झाड ओळखायचं असेल, तर फुलांची वाट पाहण्यापेक्षा मुळं पाहणं सोपं.

मग खरं कांदळवन कोणाला म्हणायचं?

खाडीकाठी करंज असतो, पारोसा भेंडी असते, उंडी असते. ती खारा वारा आणि अधूनमधून येणारं पाणी सोसतात. त्यांनाही कांदळवनात धरायचं का?

पी. बी. टॉमलिन्सन या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1986 च्या ‘द बॉटनी ऑफ मँग्रोव्ह्ज’ या पुस्तकात यासाठी कसोट्या मांडल्या, त्या आजही वापरल्या जातात. झाड फक्त भरतीच्या टापूतच वाढत असलं पाहिजे. त्या वनाचा मुख्य भाग असलं पाहिजे. श्वसनमुळं किंवा झाडावर रुजणारं बी यांसारखी खास रचना हवी. मीठ हाताळता आलं पाहिजे. आणि पाचवी कसोटी थेट वर्गीकरणाची: जमिनीवरच्या नातेवाइकांपासून ते निदान प्रजातीच्या पातळीवर तरी वेगळं झालेलं असावं.

तिवर, चिप्पी, कांदळ या कसोट्यांवर सहज उतरतात. करंज उतरत नाही. तो गावातल्या रस्त्यावरही तितकाच सुखात वाढतो. म्हणून करंज, पारोसा भेंडी यांना कांदळवनाचे सहचर म्हटलं जातं. गेवा आणि काजळा हे टॉमलिन्सनच्या मांडणीत मधल्या, गौण गटात येतात. कांदळवनाचे खरे घटक, पण बहुधा काठाकाठानं राहणारे.

वसई-विरारमध्ये याचा काय संबंध?

वसई-विरार महापालिका 2009 मध्ये स्थापन झाली, पण शहर त्याआधीपासूनच सगळ्या बाजूंनी वाढत होतं. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, मध्ये मिठागरं आणि पाणथळ जमीन. जुलै 2018 च्या पावसात वसईतल्या अनेक वसाहती दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या आणि मिठागरांवर कामगार अडकून पडले, तेव्हा या सखल जमिनीवरच्या भरावांची चर्चा राज्यभर झाली.

कायद्याच्या बाजूनं दोन तारखा महत्त्वाच्या आहेत. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं 6 ऑक्टोबर 2005 रोजी राज्यभर कांदळवन तोडीवर बंदी घातली आणि कांदळवनापासून 50 मीटरच्या आत बांधकाम आणि भराव थांबवला. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात न्यायालयानं कांदळवन नष्ट करणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन हे कांदळवनच. या दोन निकालांच्या मध्ये, 2012 मध्ये, वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्षही स्थापन झाला होता.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालानुसार राज्यात 324 चौरस किलोमीटर कांदळवन होतं. हा आकडा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढलेला आहे. छायाचित्रात हिरवळीची दाटी कळते. त्या हिरवळीत कोणतं झाड आहे, हे जमिनीवर जाऊनच पाहावं लागतं.

इथेच झाड ओळखण्याची गरज पडते. मिठाचं प्रमाण जास्त असलेल्या जमिनीत, उदाहरणार्थ जुन्या मिठागरांच्या आसपास, तिवर उंच होत नाही. कमरेइतकंच राहतं, फांद्या वेड्यावाकड्या, पानं लहान. पाहणाऱ्याला ती रानझुडपं वाटतात. पण खाडीच्या तोंडाशी तीन माणसं उंच वाढलेलं झाड आणि हे कमरेइतकं झुडूप, दोन्ही अ‍ॅव्हिसेनिया मरिनाच. वर्गीकरण उंचीवर होत नाही, त्यामुळे संरक्षणही उंचीवर ठरू शकत नाही.

तिवराच्या दोन जातींतही गफलत होते. अ‍ॅव्हिसेनिया मरिनाचं पान टोकाशी निमुळतं असतं, अ‍ॅव्हिसेनिया ऑफिसिनालिसचं गोलसर. ऑफिसिनालिसची फुलं मोठी आणि फळाला टोकाशी चोच.

लागवडीतही हाच मुद्दा येतो. ‘कांदळवन लावलं’ असं म्हणताना काय लावलं हे सांगितलं नाही, तर फार काही कळत नाही. तिवर खूप खारट जमीन सोसतं. कांदळाला भरतीचं पाणी नियमित लागतं आणि मऊ चिखल लागतो. चिप्पी समुद्राच्या बाजूला, पाण्याच्या तोंडावर उभी राहते. गेवा जमिनीच्या बाजूला, जिथे पाणी क्वचित पोचतं. एकाची जागा दुसऱ्याला दिली तर रोपं मरतात, कारण त्यांना एकत्र आणणारं नाव माणसानं दिलेलं आहे, त्यांच्या गरजा आपापल्या कुळातून आणि आपापल्या वाटेनं आलेल्या आहेत.

आणि काठावरच्या गेव्याची अडचण सर्वांत मोठी. खाडीत भराव पडतो तो बहुधा रस्त्याच्या बाजूनं. त्या बाजूला पेन्सिलीसारखी मुळं नसतात, कमानी नसतात. गळण्याआधी पानं लाल झालेली, साधीच दिसणारी झाडं असतात. त्यांचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, आणि तिथपर्यंत भरतीचं पाणी पोचत असेल तर 50 मीटरचं अंतर त्यांच्यापासून मोजायला हवं, त्यांच्यामागे दिसणाऱ्या तिवरांपासून नव्हे.